आत्याच्या पुड्या, कुशिंगचे बारा रुग्ण आणि हाडांचा इतिहास

धायरीत आमच्याकडे आत्या राहायला आली की तिचं पहिलं काम ठरलेलं. पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढायचा आणि फ्रीजवर ठेवायचा. डब्यात दम्याच्या पुड्या. वेल्ह्याकडच्या एका बाजाराच्या गावात एक माणूस त्या द्यायचा, महिन्याच्या एकदम. कागदावर नाव नाही, गाव नाही, आत मातकट रंगाची पूड. सकाळ-संध्याकाळ मधातून घ्यायची, पावसाळ्यात दुपारी आणखी एक. "गुण येतो" असं आत्या म्हणायची, आणि गुण खरंच यायचा. रात्रभर उशीला टेकून बसणारी बाई पुड्या सुरू झाल्यावर आडवी झोपू लागली. अशी चौदा वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत तिनं अर्धी बादली पाणी उचललं आणि तिथंच खाली बसली. सिंहगड रोडवरच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला. तीन मणके दबलेले होते, एक तर पुढून पार पाचरीसारखा झालेला. डॉक्टरांनी फिल्मवरून नजर काढून आधी आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांवरच्या जांभळ्या डागांकडे. "मावशी, औषधं काय काय चालू आहेत?" आत्या म्हणाली, काहीच नाही. पुड्या तिच्या लेखी औषधात मोडत नव्हत्या. त्या डब्याचा विषय आईनं काढला.

डॉक्टरांना संशय आला तो स्टेरॉइडचा. पण मला गोंधळात टाकलं ते त्यांच्या पुढच्या वाक्यानं. पुड्या बंद करा, पण माझी गोळी सुरू केल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करू नका, जिवावर बेतेल.

मी हाडांच्या पेशींवर पीएचडी करते. ज्या पेशींचे फोटो मी दिवसभर मायक्रोस्कोपखाली बघते, त्यांचीच वाताहत घरात चालली होती आणि मला पत्ता नव्हता. आत्याचा चेहरा गोल झाला तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो, तिला पुणं मानवलं!

संशोधनात येऊ बघणारे बरेच जण मला विचारतात की नव्या विषयाचं वाचन कुठून सुरू करायचं. सगळे रिव्ह्यू पेपरपासून करतात. मी या वेळी उलटीकडून गेले. ही ग्रंथी, तिचं संप्रेरक आणि हाडं यांचा संबंध पहिल्यांदा कुणाला दिसला, आणि किती रुग्णांत दिसला, तिथून.

अकरा रुग्ण, आणि हाडांचा उल्लेख नाही

अ‍ॅड्रिनल ग्रंथी दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात. एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. पाठ्यपुस्तकी मराठीत त्यांना अधिवृक्क म्हणतात. शब्द चांगला आहे, पण दवाखान्यात मी तो कधी ऐकला नाही, म्हणून इथं अ‍ॅड्रिनलच म्हणते. युस्टाची या इटालियन शरीररचनातज्ज्ञानं त्यांचं वर्णन छापलं १५६४मध्ये. त्या करतात काय, हे पुढची जवळपास तीनशे वर्षं कुणालाच सांगता आलं नाही. फ्रान्समधल्या बोर्दोच्या अकादमीनं १७१६ साली याच प्रश्नावर बक्षीस लावलं. निबंध आले. परीक्षणाचं काम राज्यशास्त्रात आपण ज्याचं नाव वाचतो त्या माँतेस्क्यूकडे होतं. १७१८मध्ये त्यानं जाहीर केलं की बक्षीस देण्याजोगं काही आलेलं नाही.

उत्तराचं टोक सापडलं ते रुग्णांत. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसननं १८५५मध्ये एक पुस्तिका काढली. तिच्यात अकरा रुग्ण होते. विलक्षण अशक्तपणा, मंद नाडी, अन्नावरची वासना गेलेली आणि कातडी काळवंडत गेलेली. मृत्यूनंतर पाहिलं तर अ‍ॅड्रिनल ग्रंथी खराब झालेल्या, बऱ्याच जणांच्या क्षयरोगानं. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार्डनं प्राण्यांच्या या ग्रंथी काढून दाखवलं की त्यांच्याशिवाय जनावर जगत नाही.

त्या पुस्तिकेतून हाडांबद्दल हाती काही लागत नाही, आणि ते साहजिक आहे. हाडं बिघडायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ रुग्ण जगावा लागतो. अ‍ॅडिसनचे रुग्ण तेवढे जगतच नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यावर बदली संप्रेरक गोळीच्या रूपात मिळू लागलं, रुग्ण म्हातारे होऊ लागले आणि मग त्यांची हाडं मोजायची वेळ आली. २०११मध्ये स्वीडनमधल्या तीन हजारांहून अधिक अ‍ॅडिसन-रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. खुब्याच्या फ्रॅक्चरचा धोका इतरांच्या सुमारे १.८ पट निघाला. बदली डोस गरजेपेक्षा थोडासा जास्त पडत राहणं, वर्षानुवर्षं, हा त्यातला एक संशयित आहे. म्हणजे संप्रेरक कमी पडण्याच्या आजारातही हाडांचा प्रश्न येतो तो बऱ्याचदा जास्तीच्या वाटेनं.

बारा रुग्ण, आणि कमी होणारी उंची

आता जास्तीकडे वळू. अमेरिकेतला मेंदूचा शल्यविशारद हार्वी कुशिंग. १९१० साली त्याच्यासमोर तेवीस वर्षांची एक मुलगी आली. वैद्यकाच्या इतिहासात ती मिनी जी. या नावानं आहे. बुटकी, चेहरा आणि पोट सुटलेलं, हातपाय मात्र काड्या, पाळी थांबलेली, अंगावर केस, कातडी इतकी नाजूक की जरा धक्का लागला की काळंनिळं. १९१२च्या पुस्तकात त्यानं तिची हकिगत लिहिली, पण कारण काय ते त्याला तेव्हा नक्की सांगता आलं नाही. पुढची वीस वर्षं तो अशा रुग्णांच्या मागावर राहिला आणि १९३२मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या बुलेटिनमध्ये त्यानं बारा रुग्णांचा लेख छापला. तुम्ही अजून वाचला नसेल तर पूर्ण वाचा. बारांपैकी बरेचसे रुग्ण त्याचे स्वतःचे नव्हतेच. निरनिराळ्या डॉक्टरांनी निरनिराळ्या निमित्तानं छापलेल्या हकिगती त्यानं शोधून शेजारी शेजारी ठेवल्या. एकेकट्या असताना त्या विचित्र वाटत होत्या. ओळीनं मांडल्यावर तो एक आजार दिसू लागला. वाङ्मयाचा आढावा म्हणून आपण प्रबंधाचं जे दुसरं प्रकरण घाईघाईत उरकतो, ते या माणसाचं मुख्य काम होतं.

त्याच्या लक्षणांच्या यादीत पाठीला पोक येणं आहे, कंबरदुखी आहे आणि उंची मोजता येईल इतकी कमी होणं आहे. ही ओळ वाचताना मी थांबले. एक्स-रेच्या तीनेक वर्षं आधीपासून आत्याची तक्रार होती की जुने परकर पायात येतात. आम्ही हसलो होतो. आईनं तर म्हटलंही, "धुऊन धुऊन परकर आटतात गं, वाढत नाहीत." परकर होते तेवढेच होते. आत्या कमी होत होती.

कुशिंगचं चुकलंही. त्यानं सगळा दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या बारीक गाठीला दिला. प्रत्यक्षात बारांपैकी थोड्यांच्याच बाबतीत ती गाठ पक्की दाखवता आली होती. काही रुग्णांत मूळ दोष अ‍ॅड्रिनलच्याच गाठीत असतो, हे पुढे स्पष्ट झालं. म्हणून आज दोन नावं आहेत. पिट्युटरीच्या गाठीमुळे होतो तो कुशिंगचा आजार. कारण काहीही असो, कॉर्टिसोल जास्त झाल्यानं दिसणारं सगळं चित्र म्हणजे कुशिंग सिंड्रोम. आत्याला होता तो सिंड्रोम, बाहेरून दिलेला. परीक्षेत हा फरक विचारतात, पण त्याच्यामागे एका मोठ्या माणसाचा बारा रुग्णांवरून उडी मारण्याचा मोह आहे, हे कुणी सांगत नाही. (रशियात याच आजाराला इत्सेन्को-कुशिंग म्हणतात. व्होरोनेझच्या निकोलाय इत्सेन्कोनं तो १९२४मध्येच वर्णिला होता. कुठल्या भाषेत छापता यावर नाव कुणाचं राहतं तेही ठरतं.)

भरणारी टोळी घरी

हाडं का ठिसूळ होतात याचं पहिलं नीट उत्तर दिलं ते बोस्टनच्या फुलर ऑलब्राइटनं. त्याचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये तो रुग्णांना काटेकोर आहारावर ठेवायचा, पोटात काय गेलं आणि बाहेर काय पडलं याचा कॅल्शियमपासून नायट्रोजनपर्यंत हिशेब मांडायचा. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं कुशिंग सिंड्रोमबद्दल म्हटलं की इथं चुन्याची कमतरता हा मूळ मुद्दा नाही. हाडाचा जो प्रथिनांचा सांगाडा असतो, ज्यावर चुना बसतो, तो सांगाडाच शरीर नव्यानं विणेनासं होतं. मुडदूस झालेल्या मुलाच्या हाडात सांगाडा असतो पण त्यावर चुना बसत नाही. इथं जेवढं हाड आहे त्यात चुना ठीक आहे, हाडच कमी आहे. हा फरक त्यानं हिशेबाच्या वहीवरून काढला. पेशी मरताना बघण्याची सोय त्याच्याकडे नव्हती.

सिंहगड रोडवरून रोज येणाऱ्यांना हे समजायला सोपं आहे. एक टोळी रस्ता खणते, दुसरी येऊन भरते. जिवंत हाडात हेच आयुष्यभर चालतं. हाड खाणाऱ्या पेशी जुना तुकडा पोखरतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी त्या जागी नवा घालतात. जादा कॉर्टिसोल सुरुवातीला खणणाऱ्यांची हजेरी वाढवतो, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे भरणाऱ्या टोळीला घरी पाठवतो. मग खड्डे तसेच राहतात. मणक्याचं आतलं हाड स्पंजसारखं जाळीदार, तिथं खणायला पृष्ठभाग भरपूर, म्हणून आधी मणके दबतात. शिवाय आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं, लैंगिक संप्रेरकं उतरतात, आणि मांड्यांचे स्नायू झिजल्यानं माणूस पडतोही लवकर.

१९९८मध्ये वाइनस्टाइन, मनोलागस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत आणि स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांच्या हाडांच्या तुकड्यांतही दाखवलं की बांधणाऱ्या पेशी, तसंच हाडाच्या आत वस्तीला असलेल्या पेशी, ठरवून दिल्यासारख्या मरतात. ऑलब्राइटचा वहीतला अंदाज आणि मायक्रोस्कोपखालचा पुरावा यांच्यात पन्नासहून अधिक वर्षांचं अंतर आहे. ऑलब्राइटला ते बघायला मिळालं नाही. त्याला पार्किन्सन होता. १९५६मध्ये त्यावर मेंदूची एक प्रायोगिक शस्त्रक्रिया करून घेतल्यावर तो १९६९मध्ये वारेपर्यंत बोलूही शकला नाही.

दुर्मीळ आजार बाटलीत भरला

तोपर्यंत हा सगळा दुर्मीळ आजारांचा विषय होता. तो सामान्य झाला २१ सप्टेंबर १९४८पासून. त्या दिवशी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंचनं संधिवातानं जखडलेल्या एकोणतीस वर्षांच्या बाईला अ‍ॅड्रिनलमधल्या एका द्रव्याचं इंजेक्शन दिलं. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडलनं ते संयुग-ई म्हणून वेगळं केलं होतं, पुढे त्याचं नाव कॉर्टिसोन पडलं. काही दिवसांत ती बाई चालू लागली, बाजारात जाऊन आली. १९५०चं नोबेल हेंच, केंडल आणि बाझेलचा राइशस्टाइन या तिघांना मिळालं. एवढ्या लवकर नोबेल क्वचितच कुणाला मिळतं.

पण डोस बघा. दिवसाला १०० मिलीग्रॅम. निरोगी शरीर रोज बनवतं त्याच्या कितीतरी पट. कुशिंगच्या रुग्णांच्या शरीरात गाठ जे करत होती, ते आता सुई करणार होती. सुरुवातीला हे औषध जनावरांच्या पित्तापासून तीसहून अधिक पायऱ्यांनी बनवावं लागे, सोन्यासारखं महाग. १९५२मध्ये अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांना पावावर येणाऱ्या बुरशीच्या जातीतली एक बुरशी सापडली, जी त्यातली सगळ्यात अवघड पायरी फुकटात करून द्यायची. मग भाव कोसळले. १९५५ला प्रेडनिसोन आलं, काही वर्षांत डेक्सामेथासोन. आज ही गोळी काही रुपयांत मिळते, पांढरी असते, कुटून कशातही मिसळता येते. आत्याच्या पुडीपर्यंत येणारा रस्ता इथून फुटतो.

धोक्याची सूचना उशिरा आली असं मात्र नाही. १९५४मध्येच जामा या नियतकालिकात कॉर्टिसोनच्या लांब उपचारानंतर मणके मोडल्याच्या हकिगती छापून आल्या होत्या. त्याच वर्षी ब्रिटिश डॉक्टरांनी सुरुवातीच्या संधिवातात कॉर्टिसोन आणि साधी अ‍ॅस्पिरीन यांची तुलना केली. दोघांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. तरी औषध थांबलं नाही, आणि थांबायलाही नको होतं. दम्याच्या अटॅकमध्ये, प्रत्यारोपणात, ल्युपसमध्ये त्यानं माणसं वाचवली आहेत. किती दिलं तर हाडाला किती किंमत पडते, हे अजून कुणी मोजलं नव्हतं.

ते मोजून व्हायला २००० साल उजाडलं. व्हान स्टा आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी घेतल्या. स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे २,४४,२३५ लोक, आणि तुलनेला तेवढेच न घेणारे. दिवसाला ७.५ मिलीग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत मणक्याच्या फ्रॅक्चरचं प्रमाण ५.१८ पट, खुब्याचं २.२७ पट. अडीच ते साडेसात मिलीग्रॅम या 'सौम्य' डोसलाही मणक्यांचं प्रमाण अडीच पटीवर. धोका काही महिन्यांतच चढतो, आणि औषध थांबल्यावर बराचसा उतरतो. हा दुसरा भाग मी आत्याला दोनदा वाचून दाखवला.

तीन रुग्ण, मुंबई

एवढे लाखावारी रुग्ण असताना तीन रुग्णांचा पेपर कशाला वाचायचा? कारण २०२१चा उन्हाळा.

१६ जून २०२० रोजी ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं जाहीर केलं की ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांत डेक्सामेथासोन जीव वाचवतं. डोस रोज ६ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात ते वारेमाप वापरलं गेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या प्रिस्क्रिप्शनमधूनसुद्धा. त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधून डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये तीन रुग्ण मांडले. कोविडमधून उठलेले, आणि नंतर खुब्यात दुखू लागलेले. मांडीच्या हाडाचा गोळा रक्तपुरवठा तुटून मरू लागला होता. याला अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. ठिसूळ होणं वेगळं आणि हे वेगळं. तिथं हाड विरळ होतं, इथं हाडाचा एक भागच मरतो. स्टेरॉइडशी याचा संबंध इटालियन डॉक्टरांनी १९५७मध्येच नोंदवला होता.

मुंबईच्या पेपरमधली खटकणारी गोष्ट आकड्यांत होती. तिघांना मिळून सरासरी ७५८ मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन पडलं होतं, सगळ्यात कमी ४०० आणि सगळ्यात जास्त १,२५०. आधीच्या वाङ्मयात यासाठी साधारण २,००० मिलीग्रॅमचा आकडा येतो. आणि दुखणं सुरू झालं ते कोविडच्या निदानापासून सरासरी ५८ दिवसांत, एरवी सहा महिने ते वर्ष लागतं तिथं.

आता वहीत एक साधा हिशेब करा. डेक्सामेथासोन ०.७५ मिलीग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोन ५. म्हणजे रोजचे ६ हे ४० बरोबर. दहा दिवसांचे ४००. म्हणजे त्या पेपरमधला सगळ्यात कमी डोस हा नियमाप्रमाणे दिलेल्या पूर्ण कोर्सच्या बरोबरीचा निघतो! मी हे मांडलं तेव्हा माझाच विश्वास बसला नाही, पुन्हा करून पाहिलं.

मग नियमाचा कोर्सच धोक्याचा म्हणायचा का? इथंच हात आखडता घ्यायचा. तीन रुग्ण, तुलनेला कुणी नाही. कोविड स्वतः रक्त गोठवतो, म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा विषाणूनंही तोडला असू शकतो. हाँगकाँगमध्ये २००३च्या सार्सनंतर २५४ रुग्णांचे एमआरआय काढले होते. त्यात १२ जणांना हा विकार सापडला. तीन ग्रॅमच्या आत स्टेरॉइड मिळालेल्यांत धोका ०.६ टक्के, त्याहून जास्त मिळालेल्यांत १३ टक्के. म्हणजे तिथं डोसचा उतार स्वच्छ दिसतो, आणि कमी डोसला धोका नगण्य दिसतो. मुंबईचा पेपर या चित्राशी जुळत नाही. न जुळणं हेच त्याचं मोल आहे. तो कारण सिद्ध करत नाही. इतर डॉक्टरांना तो एवढंच सांगतो की कोविडनंतर खुबा दुखतो म्हणणाऱ्याचा एमआरआय लवकर काढा. केस रिपोर्टनं एवढं केलं तरी खूप झालं. कुशिंगनं बारा रुग्णांवरून कारणही सांगून टाकलं होतं. अगरवालांच्या गटानं तीन रुग्णांवरून 'लक्ष ठेवा' म्हटलं. मला दुसरं जास्त आवडतं, पण हेही कबूल करते की उडी न मारणाऱ्याच्या नावानं आजार ओळखला जात नाही.

नॉर्मल कुणाचं

आतापर्यंत सगळी मोठी माणसं झाली. एक आजार मात्र जन्मापासून असतो. कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेझिया. कॉर्टिसोल बनवणारं एक विकर जन्मतःच नीट काम करत नाही, पिट्युटरी ग्रंथीला चाबूक मारत राहते आणि कॉर्टिसोलऐवजी पुरुषी संप्रेरकांचा पूर येतो. मूल आधी भराभर उंच होतं, वर्गात सगळ्यांच्या पुढे. मग हाडांची टोकं वेळेआधीच बंद होतात आणि तेच मूल बुटकं राहतं. १९५०मध्ये बाल्टिमोरच्या लॉसन विल्किन्सनं यावर कॉर्टिसोन वापरलं. तेव्हापासून उपचार करणारे डॉक्टर एका दोरीवर चालतात. डोस कमी पडला तर हाडांची टोकं बंद होतात, जास्त झाला तर वाढ खुंटते आणि हाड विरळ होतं. आयसीएमआरनं मुंबईसह पाच शहरांत लाखाहून अधिक नवजात बाळं तपासली तेव्हा ५,७६२ बाळांत एक असं प्रमाण निघालं. दुर्मीळ म्हणून सोडून द्यावं इतकं ते कमी नाही.

अशा मुलाचं हाड विरळ झालंय की नाही, हे ठरवायचं कशावरून? डेक्सा नावाचं मशीन हाडाची घनता काढतं आणि त्याच वयाच्या निरोगी मुलांशी तुलना करून गुण देतं. ही निरोगी मुलं बहुधा अमेरिकेतली असतात. हे मशीन हाडाची सावली मोजतं, जाडी मोजत नाही. त्यामुळे लहान चणीच्या मुलाचं चांगलं हाडही त्याला विरळ वाटू शकतं. मग पुण्यातलं धडधाकट मूल आजारी ठरतं आणि खरोखर आजारी मूल गर्दीत हरवतं.

या प्रश्नावर काम झालं आपल्याच शहरात. जहांगीर हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेतल्या डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या ५ ते १७ वर्षांच्या निरोगी मुलामुलींची डेक्सानं तपासणी करून भारतीय मुलांसाठी संदर्भ-वक्र तयार केले. २०११मध्ये ते बोन या नियतकालिकात आले. निरोगी मुलांना मशीनवर आडवं करून आकडे टिपायचे, हे काम कुणाला ग्लॅमरस वाटणार नाही. पण पीएचडीच्या मुलाखतीत तुम्हाला "या रुग्णांची हाडं कमकुवत आहेत" असं वाक्य बोलायचं असेल, तर "कुणाच्या तुलनेत" हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर अशाच पेपरमध्ये असतं.

डोसचा रकाना

आत्याची सकाळी आठची कॉर्टिसोल तपासणी झाली. धायरी फाट्यावरच्या लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. आठला का, तर कॉर्टिसोल पहाटे चढतं आणि रात्री उतरतं, म्हणून वेळ न पाळता घेतलेला आकडा निरुपयोगी असतो. आकडा फार कमी आला. बाहेरून इतकी वर्षं आयतं मिळत राहिल्यानं पिट्युटरीनं हाक मारणं सोडलं होतं आणि अ‍ॅड्रिनल झोपी गेल्या होत्या. पुड्या एकदम थांबल्या असत्या तर आत्या अ‍ॅडिसनच्या बाराव्या रुग्णासारखी झाली असती. डॉक्टर पुड्या एकदम बंद करू देईनात ते यासाठी. त्यांनी मोजून प्रेडनिसोलोन सुरू केलं, ते काही महिन्यांत थेंबाथेंबानं उतरवलं. जोडीला हाडांचं औषध, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि दम्यासाठी पंप. पंपाला आत्याचा विरोध होता. पंप लागला म्हणजे दमा वाढला, असं तिच्या गावात समजतात. महिनाभर आई रोज तिच्यासमोर बसून तिला पंप घ्यायला लावायची.

त्या काळात मी एक उद्योग केला. व्हान स्टाच्या तक्त्यात आत्या कुठं बसेल ते बघायचं ठरवलं. दिवसाला दोन पुड्या, चौदा वर्षं, म्हणजे दहा हजार दोनशेच्या वर. पावसाळ्यातल्या दुपारच्या वेगळ्या. पुढे एका पुडीत किती, हे हवं होतं. आत्यानं डबा रिकामा करून ठेवला होता. घाबरून सगळ्या पुड्या तिनं मोरीत ओतल्या आणि डबा घासून त्यात वेलची भरली. मी बाजाराच्या दिवशी त्या गावात जाऊन आले. माणूस तिथं बसत नव्हता, वर्षभर कुणी पाहिला नव्हता.

व्हान स्टाच्या पेपरमधल्या प्रत्येकाचा डोस माहीत आहे, कारण प्रत्येकाला तो डॉक्टरनं लिहून दिला होता. हिंदुजातल्या तिघांचा माहीत आहे. १९४८च्या त्या बाईचासुद्धा माहीत आहे. पुड्या घेणाऱ्यांच्या बाबतीत प्रिस्क्रिप्शनच्या नोंदींवर उभं राहिलेलं संशोधन करता येत नाही. ती माणसं एकदम फ्रॅक्चरच्या रकान्यात उगवतात, वयामुळे हाड मोडलं अशी नोंद होऊन. अशा रुग्णांना शोधायचं तर केसांत किंवा लघवीत स्टेरॉइडचे अंश बघता येतील, सकाळचं कॉर्टिसोल मणक्याच्या प्रत्येक फ्रॅक्चरबरोबर बघता येईल, किंवा ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं तसं नुसतं विचारता येईल, फक्त 'औषधं' हा शब्द टाळून. तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या. माझ्या प्रबंधात तो बसत नाही, मी गाइडना विचारून पाहिलं आहे.

माझ्या वहीत आत्याची ओळ अजून तशीच आहे. वय ५८, स्त्री, कालावधी १४ वर्षं, मणके ३. डोससमोर रेघ आहे. मागच्या महिन्यात ती धायरीला आली तेव्हा मी तिला भिंतीला उभं करून उंची मोजली आणि ती शेवटच्या रकान्यात लिहिली. आधीची उंची कुठंच लिहिलेली नव्हती. आत्या म्हणाली, जुना परकर मोज ना, तो होता तेवढाच आहे. मग आम्ही तो मोजला.